दस्तीखालचं बोलणं

लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांना कलेक्टर मिळाला, एसपी मिळाला आणि मला नोकरी मिळाली. पहिल्या दोन गोष्टी पेपरात छापून आल्या.

त्याचं असं झालं की पुण्याच्या एका कंपनीत एका जिल्ह्याला एक प्रतिनिधी असा नियम होता. तोवर आम्ही उस्मानाबादेत मोडत होतो आणि उस्मानाबादच्या प्रतिनिधीला लातूर लांब पडायचं. नवा जिल्हा झाल्याबरोबर साहेबांनी नकाशावर शिसपेन्सिलीनं रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडे कोण रिकामं आहे याची चौकशी केली. बी.एस्सी. झालेला, सायकल येणारा आणि दुसरं काहीच न करणारा असा मी सापडलो. पुढं साहेबांनी नकाशा नीट पाहिला तेव्हा शेजारचा नांदेडही मोकळा दिसला. तोही माझ्या पदरात पडला. पगार एका जिल्ह्याचाच राहिला.

कंपनी बहिऱ्यांसाठी यंत्रं बनवायची. हल्लीचं कानामागं हरभऱ्याएवढं बसतं, तसलं नव्हे. तेव्हाचं यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोरला एक डबा. तो छातीशी खिशात अडकवायचा. आत एक पेन्सिल सेल, वर आवाज कमीजास्त करायला एक चक्री, डब्यातून निघालेली वायर कानापर्यंत आणि कानात एक बटण. कंपनी त्याला श्रवणयंत्र म्हणायची, गिऱ्हाईक मशीन म्हणायचं, आणि आमच्या गल्लीत मला रेवणसिद्ध म्हणणं बंद होऊन 'कानवाला' हे नाव पडलं.

वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत काम करण्याचे फायदे पुष्कळ. सोयरिकीच्या बैठकीत 'मेडिकल लाइनीत आहे' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. डॉक्टर लोक तासन्‌तास बाहेर बसवून ठेवतात, पण पंख्याखाली. गिऱ्हाईकापुढं कितीही बोललं तरी ते कंटाळत नाही, कारण मशीन बसेपर्यंत त्याला ऐकू येत नाही. तोटेही याच पोटचे. मशीन बसल्यावर गिऱ्हाईक आयुष्यात पुन्हा पहिलं वाक्य ऐकतं, ते किमतीचं असतं. आणि ज्याला मशीनची गरज आहे त्याला ती गरज आहे असं सांगायचं, तर ते आधी त्याला ऐकू यावं लागतं.

सगळ्यात मोठा तोटा मात्र माझ्याच घरात, ओसरीवर, तक्क्याला टेकून बसलेला होता. तो म्हणजे माझे वडील.

अप्पांना ऐकू येत नाही ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, मला आणि खुद्द अप्पांना. त्यातले अप्पा ती मानत नव्हते.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अप्पांची आडत होती. शेतकऱ्यानं माल आणायचा, आडत्यानं त्याच्या वतीनं तो खरेदीदाराला विकायचा, एवढा हा धंदा. पण विकायची रीत आमच्याकडं न्यारी. भाव तोंडानं बोलायचा नाही. खरेदीदार येऊन समोर बसायचा, आडत्याच्या हातावर दस्ती टाकायचा. दस्ती म्हणजे आपला रुमालच, पण मोंढ्यातली दस्ती चांगली पंचाएवढी. तिच्याखाली तो आडत्याची बोटं दाबायचा. कुठलं बोट, किती बोटं, पेरावर की टोकावर, त्यावरून भाव कळायचा. आडत्याला पटला तर तो उलट दाबायचा, नाही पटला तर हात झटकायचा. मग दुसरा यायचा. सकाळभर मोंढ्यात माणसं एकमेकांचे हात धरून गप्प बसलेली असायची. परका कोणी पाहील तर त्याला वाटावं, इथं कोणाचं तरी सांत्वन चाललंय.

बहिऱ्या माणसासाठी याहून चांगला धंदा देवानं निर्माण केलेला नाही.

उरलेला कारभार अप्पा एका वाक्यावर भागवायचे. पाऊस दोन वर्षं धड झालेला नव्हता आणि अप्पांना त्याचा मोठा आधार होता. कोणी काहीही विचारलं की अप्पा आभाळाकडं बघून म्हणायचे, "पाऊस पडला तर." पोरीचं लग्न कधी करावं? पाऊस पडला तर. उधारी कधी देता? पाऊस पडला तर. एकदा एकानं नुसतं विचारलं, अप्पा, किती वाजले? अप्पा म्हणाले, पाऊस पडला तर. तो माणूस बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि नमस्कार करून गेला. ईश्वरप्पा कमी बोलतात पण खोल बोलतात, असा त्यांचा लौकिक होता.

घरात मात्र दुष्काळ पुरत नाही. घरात दोन वेळा भाकरी, चहा, पाहुणे आणि टँकर असतो. आमच्याकडं बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, "आवो, ऐकलं का" म्हणते. अव्वानंही ते काही वर्षं म्हणून पाहिलं. ज्या नवऱ्याला ऐकूच येत नाही त्याला रोज 'ऐकलं का' विचारण्यात तिला पुढं पुढं लाज वाटू लागली. मग एक दिवस ती उठून अप्पांच्या शेजारी जाऊन बसली, मांडीवरची दस्ती ओढली आणि तिच्याखाली त्यांचं करंगळीचं टोक दाबलं. अप्पा म्हणाले, "आन." तिनं चहा आणला.

तिथून त्यांची भाषा वाढत गेली. अंगठा म्हणजे दारात माणूस. मधल्या बोटाचं पेर म्हणजे टँकर आलाय. तळहातावर बोट फिरवलं की मोठ्या लेकीची, सिंधुताईची, खुशाली आलीय. सगळी बोटं एकदम आवळली की ते भांडण. लग्नकार्यात म्हातारा-म्हातारी दस्तीखाली हात धरून बसायची तेव्हा बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "बघा की रत्नम्मा अन् ईश्वरप्पा! ह्या वयात!" अव्वा लाजायची. अप्पांना ते ऐकू जात नसल्यानं ते ऐटीत बसलेले असायचे.

असं सगळं झाकून चाललेलं असताना बाजार समितीच्या फळ्यावर खडूनं सूचना लागली. पाडव्यापासून दस्तीखालचा सौदा बंद, यापुढं उघडा लिलाव. पुकारणारा मोठ्यानं भाव पुकारील, खरेदीदार तोंडानं चढवतील, आडत्या तोंडानं हो म्हणेल. कारण अगदी रास्त होतं. दस्तीखालच्या सौद्यात शेतकऱ्याला काय दिसतं? दस्ती.

मी ती सूचना दोनदा वाचली. अप्पांना मोंढ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. एकदा पायाला लागलं म्हणून चार दिवस घरी बसले होते, तर ओसरीवरून जाणाऱ्या शेळीचा भाव ठरवत होते. पाडव्यानंतर त्यांचं बहिरेपण चव्हाट्यावर येणार, लोक हसणार, आणि मग ते स्वतःच घरी बसणार. घरी बसलेले अप्पा किती दिवस टिकतील, याचा अंदाज करायला मेडिकल लाइन लागत नव्हती.

त्या संध्याकाळी मी नमुन्याचं मशीन घेऊन ओसरीवर बसलो. मध्ये अव्वा. आमची रीत अशी की मी बोलायचं, अव्वानं दस्तीखाली ते पोचवायचं, आणि अप्पांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं.

कंपनीनं शिकवलेलं सगळं मी म्हणून दाखवलं. ध्वनीच्या लहरी, कानाचा पडदा, आतली नस, मशीनचा पुण्याला तपासून घेतलेला प्रत्येक भाग. चांगलं घोळून घोळून सांगितलं. अव्वानं दस्तीखाली एकदाच कुठंतरी दाबलं.

"नको," अप्पा ओरडले.

"अव्वा, एवढ्या सगळ्याचं एवढंच?" मी म्हणालो.

"लई बोलतूस तू. म्या सार सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"म्हनले, पोरगं उन्हातान्हात लई फिरून राहिलंय."

मी पुन्हा सुरू केलं. पाडवा, लिलाव, अब्रू. अव्वानं पुन्हा दाबलं.

"न्हाई म्हनलं ना!" अप्पांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात लावला. आम्ही लिंगायत. इष्टलिंग छातीशी असतं, जन्मभर असतं. "हितं माझा महादेव हाय. त्याच्या शेजारी पुण्याचा डबा लटकवू? लोकं काय म्हनतील, ईश्वरप्पानं दोन देव केले!"

"अहो हा देव नाही, अप्पा. नुसता डबा आहे."

अव्वानं यातलं काही पोचवलंच नाही. ती उठून चुलीकडं गेली. मी मशीन पेटीत ठेवलं. दोन जिल्ह्यांत मी बऱ्यापैकी मशीनं खपवली होती, पण आपल्या ओसरीची हद्द कंपनीच्या नकाशात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला भोकरला जायचं होतं. तिथल्या तारामती नावाच्या म्हातारीनं मशीन परत न्यायला निरोप धाडला होता. मी पहाटेच्या गाडीनं नांदेड गाठलं, तिथून दुसरी एसटी धरली, धूळ खात भोकरला पोचलो. म्हातारीनं मशीन फडक्यात बांधून तयार ठेवलं होतं.

"काय बिघाड झाला, आजी?" मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो.

"मशीनमंदी काई न्हाई बाबा. मशीन लई चांगलं हाय."

"मग?"

तिनं आत स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घरचे चांगले न्हाईत. इतके दिवस मला वाटायचं, सुना माझ्याबद्दल चांगलं बोलून राहिल्यात. हसायच्या ना माझ्याकडं बघून."

कंपनीच्या तक्रारीच्या कागदावर 'दोषाचे स्वरूप' असा रकाना असतो. मी तिथं 'घर सदोष' असं लिहून पाठवलं. साहेबांनी ते अजून मला माफ केलेलं नाही. पण परतीच्या एसटीत माझ्या मनात पहिल्यांदाच असं आलं की ऐकू न येण्यानं माणसाचं काय जातं, ते आमच्या कंपनीला पक्कं ठाऊक आहे. ऐकू आल्यानं काय जातं, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

पाडव्याच्या आठवडाभर आधी समितीनं नव्या रीतीचा सराव ठेवला. सराव असला तरी माल खरा होता. शिरूर अनंतपाळचा भुजंग तुरीची पोती घेऊन आला होता. दुष्काळातली तूर, पोती मोजकीच, पण दाणा पाणीदार. पोत्यांभोवती खरेदीदारांचं कडं पडलं आणि पुकारणाऱ्यानं आवाज लावला. सगळे एकदम बोलू लागले. अप्पा एकाच्या ओठांकडं बघायचे, तोवर दुसऱ्याचे ओठ हलायचे. त्यांचा उजवा हात सवयीनं पुढं झाला होता, बोटं थोडी उघडी, वर दस्ती पडायची वाट बघत. दस्ती कोणी टाकली नाही.

पुकारणाऱ्यानं एका भावावर थांबून विचारलं, "ईश्वरप्पा, देऊ का?"

अप्पा आभाळाकडं बघून म्हणाले, "पाऊस पडला तर."

मोंढा खदखदून हसला. अप्पा गंमत करतायत असं वाटून मोकळेपणानं हसला. मी मात्र गर्दीतून पुढं सरकू लागलो.

"चेष्टा ऱ्हाऊ द्या अप्पा. गुंडप्पांचा भाव हाय. देऊ का?"

अप्पांनी हसणाऱ्या तोंडांकडं पाहिलं. काहीतरी करायला हवं एवढंच त्यांना कळलं असावं. त्यांनी हात वर केला. पुकारणाऱ्यानं सौदा तोडला, म्हणजे पक्का केला.

भुजंगचं तोंड उतरलं. "अप्पा," तो म्हणाला, "ते तिकडले अजून भाव चढवून राहिले होते की. तुमी ऐकलं न्हाई का?"

आता कोणी हसलं नाही. ही शांतता जास्त वाईट होती, आणि नेमकी ती अप्पांना ऐकू आली. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात ज्याच्या नावावर सौदा तुटला होता तो गुंडप्पा गुडघ्यांवर हात ठेवत पुढं आला. हा मोंढ्यातला सगळ्यात घासाघीस करणारा खरेदीदार. तो अप्पांपुढं बसला, खांद्यावरची दस्ती काढली, भर उघड्या लिलावात अप्पांच्या हातावर टाकली आणि खाली बोटं दाबली. अप्पांनी मान वर केली. गुंडप्पानं चढता भाव दिला होता. अप्पांनी उलट दाबलं.

"ह्यो भाव मांडा," गुंडप्पा पुकारणाऱ्याला म्हणाला. "आधीचा ऱ्हाऊ द्या. सरावच हाय न्हवं?"

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "रेवण्या, मला लई दिवसापासून ठाऊक हाय रं. कान गेले म्हनून काय झालं? माझे गुडघे गेलेत. पर बोटं ईश्वरप्पाची कधी चुकली न्हाईत. आता काय ती दस्तीच काढून घेतली लोकांनी. तू कर कायतरी. तुझी कंपनी हाय ना कानाची?"

घरी आल्यावर अप्पांनी डोक्याचा पटका काढून बाजूला ठेवला, तो नीट घडी करून. दिवसाउजेडी ते पटका कधी काढत नसत. अव्वा शेजारी बसली, दस्तीखाली हात घातला. अप्पांनी तिची बोटं नुसती धरून ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन तुझा डबा."

अव्वाचा हात दस्तीतून बाहेर आला. ती म्हणाली, "आन बाबा," आणि उठून उगीचच रांजणावरचं झाकण नीट करू लागली. रांजणात तेव्हा झाकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मी मशीन त्यांच्या खिशात बसवलं, पटका पुन्हा डोक्यावर चढवून वायर त्याच्या आतून नेली, बटण कानात घातलं आणि चक्री हळूच फिरवली. अप्पा दचकले. छातीला हात लावून बसले.

"टक टक करून राहिलंय," ते कुजबुजले. त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "महादेव बोलतोय का रं?"

लिंगाची चांदीची डबी मशीनवर आपटत होती. मी मशीन दुसऱ्या खिशात टाकलं. महादेव गप्प झाले. अप्पांचं तोंड जरा पडलं, पण तोवर अव्वा चहा घेऊन आली होती.

"घ्या," ती म्हणाली.

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. "हा आवाज कोनाचा?"

"माझाच की."

"तुझा तर बारीक हुता."

"म्या बारीक हुते तवा बारीक हुता," अव्वा म्हणाली.

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. चहा निवला. "अजून काईतरी बोल," ते म्हणाले. अव्वाला काही सुचेना. शेवटी तिनं टँकर उद्या येणार असल्याचं सांगितलं. अप्पांनी ते असं ऐकलं, जसं कोणी कीर्तन ऐकावं.

पाडव्याचा लिलाव अप्पांनी जिंकला म्हणायला हरकत नाही. चार खरेदीदार एकदम ओरडले तरी कोण किती म्हणालं हे त्यांना वेगवेगळं सांगता येत होतं. इतकी वर्षं कान वापरलेच नव्हते, त्यामुळं ते कोरे करकरीत राहिले असावेत. भुजंगनं पुढच्या खेपेला माल पुन्हा त्यांच्याकडंच आणला. डबा कोणाला दिसलाच नाही. ज्यांना सदऱ्याखाली फुगवटा दिसला त्यांना ते लिंग वाटलं आणि त्यांनी अप्पांना वाकून 'शरणू शरणार्थी' केलं. साहेबांनी पुण्याहून पत्र पाठवून माझं अभिनंदन केलं.

मग तक्रारी सुरू झाल्या. अप्पा दिवेलागणीला हातपाय धुऊन पूजेला बसत, तेव्हा मशीन काढून फळीवर ठेवत. पूजा झाल्यावर घालायला जावं, तर ते बंद. मी उघडून बघायचो तर सेल उलटा. नीट घालून द्यायचो, सुरू व्हायचं. दोन दिवसांनी पुन्हा बंद, पुन्हा सेल उलटा. कंपनीच्या पुस्तकात बिघाडांची लांबलचक यादी होती, पण सेल स्वतःहून कूस बदलतो असं त्यात कुठं नव्हतं.

एका संध्याकाळी मी लवकर घरी आलो. अप्पा आत डोळे मिटून पूजेत होते, तळहातावर लिंग. फळीपाशी अव्वा उभी होती. तिच्या एका हातात मशीन, दुसऱ्या हातात सेल. मला बघून तिनं पदरानं मशीन पुसायला घेतलं.

"झाडून घेत हुते," ती म्हणाली. "धूळ लई."

"डब्याच्या आत?"

"दुस्काळ हाय बाबा. धूळ कुटं बी जाती."

मी पेटी खाली ठेवली. तिनं सेल हातात फिरवला. "किती दिवस चालतोय रं ह्यो?"

"महिनाभर. का गं?"

ती खाली बसली. "आधी काय सांगायचं म्हनलं की उठून जवळ जावं लागायचं. हात धरावा लागायचा. भांडायचं झालं तरी हात धरावा लागायचा. आता मी चुलीपासून वरडते, ते वसरीवरनं वरडतेत. मीठ सपलंय हे साऱ्या गल्लीला कळतंय, अन् हात..." तिनं आपला हात उलटा करून पाहिला, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं होतं. "चांगलं झालं रं त्यांचं. मोंढ्यात मान ऱ्हायला. म्या का वाईट म्हनते? पर म्या आपली म्हनते, दिवसभर मोंढ्यानं ऐकावं. सांच्याला तरी..."

पुढं तिला बोलता येईना. तिच्या भाषेत पुढचं बोटांनी बोलायचं होतं आणि माझ्याकडं तिनं बोटं पुढं केली नाहीत. ती बोली माझ्यासाठी नव्हतीच.

मी सेल माझ्या खिशात टाकला. अप्पा पूजा आटपून आले, तेव्हा मी मशीनमध्ये तो नीट बसवला, बटण त्यांच्या कानात घातलं आणि कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"अप्पा, पुण्याहून नवा नियम आलाय. दिवेलागणीनंतर मशीन बंद ठेवायचं. उन्हाळ्यात सेल तापतो, त्याला विश्रांती लागते."

असा कोणताही नियम नव्हता.

अप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "नियम कंपनीचा हाय का तुझ्या अव्वाचा?"

चुलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला. अप्पांनी तोही ऐकला.

"सेल कोन उलटा करून राहिलं ते मला पैल्या दिशीच कळलंय," ते म्हणाले. "सेलाला एका अंगाला टोपी असती. कान गेलते रं माझे, डोळे हायेत."

"मग तुम्हीच नीट का नाही घातला?"

"घालून काय करू? मीठ सपलेलं पुन्यांदा गल्लीसंगं ऐकू?" त्यांनी चुलीकडं पाहिलं. "तू पैल्यांदा डबा घेऊन आलतास. त्या दिशी तुझी अव्वा दस्तीखाली काय म्हनली, ठाऊक हाय?"

"पोरगं उन्हातान्हात लई फिरून राहिलंय, असं."

"'नको म्हना', असं म्हनली. दोन्ही खेपेला." अप्पा हसले. "म्हनून म्या नको म्हनलो. महादेवाचं उगंच निमित्त केलं. रोज माफी मागून राहिलोय त्याची."

त्यांनी कानातलं बटण काढलं, वायर गुंडाळली, सेल डब्यातून काढून माझ्या हातावर ठेवला आणि मशीन फळीवर, महादेवापासून जरा अंतर राखून ठेवलं. मग ओसरीवर तक्क्याला टेकून बसले आणि मांडीवर दस्ती पसरली.

अव्वा पदराला हात पुसत बाहेर आली. "आवो, ऐकलं का?" ती सवयीनं म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली. अप्पांनी तिच्याकडं न बघता दस्तीचं एक टोक उचलून धरलं. ती शेजारी बसली. टोक खाली पडलं. दस्ती थोडी हलली, थांबली, मग बराच वेळ हलत राहिली.

मला राहवेना. मी पुढं झालो आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "काय म्हणतीय अव्वा?"

अप्पांनी आभाळाकडं पाहिलं.

"पाऊस पडला तर," ते म्हणाले.